कानामागचं बटण

तालमीतला इंद्रजित निरोप घेऊन आला तेव्हा सर्जेराव वस्ताद परड्यात दोरीवर स्वतःचे कपडे वाळत घालत होते. करंजगावात हे कुणी पाहिलं असतं तर त्याला घरी जाऊन चार जणांना सांगितल्याशिवाय चैन पडलं नसतं. ज्या माणसाच्या लंगोटाला तालमीतली पोरं हात लावायला बिचकायची, तो बायको घरात असताना धुणं धुतो, हे कुणाच्या डोक्यात शिरणारं नव्हतं. पण गेल्या वर्षभरात वस्तादांनी आपल्या अंगावरचं एकही कापड मालनबाईंच्या हाती पडू दिलं नव्हतं.

"वस्ताद, माती मुरली," इंद्रजित परड्याच्या दारातूनच म्हणाला. "मूठ वळली की लाडू होतोय. नागपंचमीला उघडूया म्हणत्यात सगळी."

वस्तादांनी ओला सदरा झटकला आणि तो दोरीवर टाकायच्या ऐवजी पोटापुढं धरून उभे राहिले. "बघू," ते म्हणाले.

करंजगावच्या जुन्या तालमीची रीत अशी होती, की माती वरचेवर नवी घालायची. तांबडी माती चाळायची, तीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून मुरायला ठेवायची. मुरली की पूजा करून उघडायची. आणि उघडताना वस्तादानं उघड्या अंगानं, नुसत्या लंगोटावर, सर्वांच्या आधी आत उतरायचं आणि तालमीतल्या सर्वांत ताकदीच्या गड्याला सलामी द्यायची. त्याला पहिला हात म्हणत. पहिला हात झाल्याशिवाय त्या मातीत कुणी घाम गाळायचा नाही. वस्तादाला उतरता आलं नाही, तर त्याच्या जागी जो उतरेल तो पुढचा वस्ताद.

आता पुढचा वस्ताद व्हायला कुणी शिल्लक राहिलं नव्हतं, हीच अडचण होती. शहरात मॅटचे आखाडे झाले होते. तिथं छतातले कॅमेरे पैलवानाचा प्रत्येक डाव टिपत, कुठल्या पायावर भार जास्त पडला ते पडद्यावर दाखवत, आणि चूक झाली की बाईच्या गोड आवाजात सांगत. इंद्रजितला अशाच एका आखाड्यानं बोलावलं होतं. तो गेला नव्हता, ते केवळ वस्तादांसाठी.

"गेल्या साली तुम्ही दवाखान्यात होता, माती तशीच पडून राहिली," इंद्रजित म्हणाला. त्याला पुढचं बोलणं जड जात होतं, म्हणून तो दोरीकडं बघत बोलला. "तुम्ही पहिला हात दिलासा की मी कुठं जात न्हाई, वस्ताद. पर न्हाई दिलासा तर मी कुणाच्या जिवावर ऱ्हायचं, ते सांगा."

त्याच वेळी वस्तादांच्या सदऱ्याआड, पोटाच्या डाव्या बाजूला, बारीक गुरगुर झाली. ते मोठ्यानं खोकले आणि आत निघून गेले.

गावाला माहीत होतं की वस्तादांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पैलवानाला हर्निया होणं म्हणजे शेतकऱ्याच्या हाताला घट्टे पडण्यासारखं, त्यात कमीपणा नव्हता. खरी गोष्ट वेगळी होती. आतड्याच्या शेवटाला गाठ निघाली होती, वाईट जातीची. डॉक्टरांनी गाठ काढली, खालची वाट कायमची शिवली आणि आतड्याचं तोंड पोटावर आणून बसवलं. त्यावर एक पिशवी चिकटवायची. पिशवी मोठी हुशार होती. भरत आली की मालनबाईंच्या फोनवर इशारा द्यायची. पण ती तोंड मिटून बसायला शिकली नव्हती. पोटातला वारा माणसाच्या मर्जीनं थांबत नाही. तो भजनात आला, पाहुण्यात आला, चहाच्या टपरीवर आला. म्हणून वस्तादांनी भजन सोडलं, पाहुणे सोडले, टपरी सोडली. तालमीत ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे, अंगात ढगळ सदरा, आणि तिथूनच पोरांना डाव सांगायचे. मातीला पाय लावला नाही. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हटलंय, असं सांगायचे.

त्यांना मुल्लाणी मॅडमकडं नेलं मालनबाईंनी. कसं नेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. एवढंच म्हणतात की दोन दिवस चूल पेटली नव्हती. शबाना मुल्लाणी तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक होत्या. अंगानं किरकोळ, आवाजानं हळू, पण समोरच्यानं तोंड फिरवलं तरी त्यांची नजर हलायची नाही. त्यांच्याकडं दर बुधवारी सातआठ माणसं गोल बसायची. सगळ्यांचं दुखणं एकच होतं, शरम. एका मुलीचा चेहरा भाजला होता. एकजण तोतरा होता. पोवार मास्तरांना ऑपरेशननंतर लघवी आवरत नव्हती.

पहिल्या दिवशी मॅडमनी वस्तादांना विचारलं, की शरम आली की तुम्ही काय करता. वस्ताद म्हणाले, "झोंबतो. दाबून धरतो."

"चीतपट होते?"

"होत न्हाई. उलट माझ्याच उरावर बसती."

"मग तिच्याशी कुस्तीच धरू नका," मॅडम म्हणाल्या. "ती येणार. तिला येऊ द्या. आखाड्याच्या कडेला बसवा आणि तुम्हाला जे करायचंय ते तिच्या देखत करा. मला एवढंच सांगा, तुम्हाला करायचंय काय?"

वस्तादांना ते लगेच सांगता आलं. पहिला हात द्यायचा होता. बाकी सगळं त्यांना पोरकट वाटलं. ज्या माणसानं जन्मभर समोरच्याला खाली घालायचं शिकवलं, त्याला कडेला बसवायचं म्हणजे काय हे कळेना.

मॅडमनी प्रत्येकाला एक यंत्र दिलं होतं. कानामागं चिकटवायची वाटाण्याएवढी चकती. कंपनीनं तिला काही गोंडस नाव दिलं होतं, पण सगळे तिला बटणच म्हणत. ते कसं चालतं हे मॅडमनी फळ्यावर माणूस काढून समजावलं होतं. शरम आधी मनात येत नाही, त्या म्हणाल्या, आधी अंगात येते. मन ओळखेपर्यंत कान तापलेले असतात, मान वाकलेली असते, पोटात गोळा आलेला असतो. मेंदूपासून काळजावरून पोटापर्यंत एक लांब नस उतरते, व्हेगस म्हणतात तिला. पोटाच्या साऱ्या बातम्या ती मेंदूला कळवते. तिचा एक फाटा कानापाशी कातडीच्या अगदी वर येतो. बटण तिथं बसून नाडी, घाम आणि कातडीची ऊब वाचतं आणि शरम उठायला लागली की कानामागं हळूच टिचकी मारतं. टिचकी आली की काम माणसाचं. कुठं तापलं, कुठं आवळलं ते बघायचं, श्वास सोडायचा, तिला जागा करून द्यायची आणि हातातलं काम सोडायचं नाही.

बटणाला दुसरीही एक चाल होती. तीत ते उलट त्या फाट्यावर बारीक वीज सोडायचं आणि अंगातून वर येणारी शरम वाटेतच निजवायचं. ती चाल मॅडमनी कुलूपबंद ठेवली होती. माणूस अगदीच जिवावर उदार झाला असेल तर त्या स्वतः समोर बसून थोडा वेळ उघडायच्या.

"का म्हणून बंद?" तोतऱ्या मुलानं विचारलं होतं.

मॅडमनी फळ्यावरच्या नसेवरून बोट फिरवलं. "ह्या वाटेनं एकटी शरम येत नाही. दुखणं येतं, मळमळ येते, समोरच्याचं तोंड उतरलेलं बघून आपल्या पोटात जे हलतं तेही येतं. वाट बंद केली की सगळ्यांनाच बंद."

वस्तादांनी मान डोलावली होती. पण ध्यानात एवढंच ठेवलं, की वाट बंद करता येते.

कुलूप उघडून देणारी माणसं असतातच. एस. टी. स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात ते काम चहा येईपर्यंत होतं, ही बातमी पोवार मास्तरांनी आणली. त्यांनी स्वतःचं उघडून घेतलं होतं आणि ते ओळखू येत नव्हते. ताठ बसायचे, मोठ्यानं हसायचे. फक्त एका मयताच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्यांनी आपल्या लघवीची हकिकत सविस्तर सांगितली, वर चहात साखर कमी आहे म्हणून दुसरा मागवला. लोक म्हणाले मास्तरांचं डोकं फिरलं. मास्तर म्हणाले, मला काय त्याचं.

वस्तादांना त्या चहाचं काही वाटलं नाही. त्यांनी मास्तरांचा ताठ कणा तेवढा पाहिला. दुसऱ्याच दिवशी ते स्टँडवर गेले.

बटण पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ते टपरीवर उभे होते. कानामागं मुंगी चालल्यासारखं झालं आणि मग पोटावरचा दगड कुणीतरी उचलून नेला. पिशवी गुरगुरली. शेजारच्या गवळ्यानं इकडंतिकडं पाहिलं. वस्तादांनी बशीतला चहा फुरका मारून संपवला आणि अजून एक सांगितला. वर्षभरानं त्यांच्या जिभेला चहाची चव लागली. घरी येऊन बटण बंद केलं, की टपरीवरचा प्रसंग आठवून कानशिलं भाजायची. मग ते परत चालू करावंसं वाटायचं. हळूहळू त्यांनी ठरवूनच टाकलं, उंबऱ्याच्या आत बंद, उंबऱ्याबाहेर चालू.

हे मालनबाईंना कळायला वेळ लागला नाही. कळलं ते वाईट पद्धतीनं. त्यांचे थोरले भाऊ पाहुणे आले होते आणि वस्तादांनी बटण काढायचं राहून गेलं होतं. जेवताना विषय दवाखान्याचा निघाला. वस्तादांनी हसत हसत सांगितलं, की ही तिथं कॉटखाली बसून रडायची, नर्सनं शिकवलं तरी हिला माझ्याकडं बघवत नव्हतं, एकदा बघितलं आणि तिथंच ओकली. बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. भावानं ताटातली भाकरी तशीच ठेवली. मालनबाई आमटी वाढत होत्या, त्यांनी पळी भांड्यात सोडली आणि त्या परड्यात गेल्या.

वस्तादांनी ते पाहिलं. तोंड उतरलेलं पाहिलं, पळी भांड्यात पडलेली पाहिली. पण त्या पाहण्यानं त्यांच्या आत काहीच हललं नाही. बटण काढल्यावर हललं. पण तोवर पाहुणे गेले होते आणि मालनबाई झोपल्याचं सोंग घेऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

तालमीतही तसंच झालं. इंद्रजित जवळच्या जत्रेत एक कुस्ती हरून आला. असं पोर हरून आलं की वस्ताद त्याला बाजूला घ्यायचे, पाठीला तेल चोळता चोळता चूक सांगायचे. त्या दिवशी त्यांनी खुर्चीवरूनच, सगळ्या पोरांदेखत, त्याची नक्कल करून दाखवली. पोरं आधी हसली, मग हसायची थांबली. इंद्रजितनं वाकून पायाला हात लावला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मातीला पाणी मारायला आला, पण वस्तादांच्या खुर्चीकडं बघितलं नाही.

म्हणजे बटणानं शरम गेली होती आणि माणसंही निघाली होती. उंबऱ्याच्या आत बसून वस्तादांना हे दिसत होतं. त्यांच्या मनानं घेतलं, की एवढी पंचमी निभावू. पहिला हात झाला, इंद्रजित राहिला, की बटण नदीत फेकून देऊ.

एक प्रश्न मात्र बटणानं सुटणारा नव्हता. लंगोटावर उतरायचं तर पिशवी दिसणार. तिथं वस्तादांचं तालमीतलं डोकं चाललं. पैलवानाच्या अंगात कुठंही बिघाड झाला तरी त्याला इलाज एकच माहीत असतो, आवळून बांधायचं. मनगट लचकलं, आवळून बांध. गुडघा सुजला, आवळून बांध. लंगोट तरी दुसरं काय असतं? दवाखान्यातून सोडताना नर्सनं दोनदा बजावलं होतं, की त्या जागेवर दाब नको, पट्टा सैल, नाडी सैल. पण ती नर्स कधी मातीत उतरली नव्हती. पंचमीच्या सकाळी वस्तादांनी दार लावून घेतलं, रुंद पन्ह्याचा जुना लंगोट पोटापर्यंत वर घेतला, त्याच्यावर तांबड्या कापडाचा पट्टा फेऱ्यावर फेरे देऊन गुंडाळला आणि श्वास आत घेऊन गाठ मारली. आरशात पोट सपाट दिसत होतं. पूर्वीसारखं. बांधताना दुखत होतं, बटण अजून लावलं नव्हतं. मग त्यांनी कानामागं हात नेला, आणि दुखायचं थांबलं.

मालनबाई दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी सदऱ्यातून ताठ दिसणाऱ्या कंबरेकडं पाहिलं. "काय बांधलंय?" त्यांनी विचारलं.

"पट्टा. दरसालसारखा."

"नर्स काय म्हणाली हुती?"

वस्ताद हसले आणि चालू लागले. शरम नव्हती तरी खोटं बोलायची सवय गेली नव्हती.

तालीम सजली होती. फावड्यानं माती वरखाली करून सपाट केली होती, मधोमध हळदकुंकू, कडेला नारळ. गावातली म्हातारी मंडळी बाकांवर बसली होती, पोरं भिंतीला टेकून. बाया उंबऱ्याबाहेर, कारण त्या तालमीत बाईनं पाय ठेवायचा नाही अशीही एक रीत होती. पूजा लांबली. भटजी उशिरा आले, मग सरपंचांचं बोलणं झालं, मग कुणीतरी जुन्या कुस्त्यांच्या आठवणी काढल्या. वस्ताद पाटावर मांडी घालून बसले होते. सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटत होतं. किती दिवसांनी वस्ताद असे खुलले होते.

मालनबाईंनी हातात फोन धरून ठेवला होता. सकाळपासून पिशवीनं एकही इशारा दिला नव्हता. इतक्या वेळात तो यायला हवा होता. त्यांनी फोन बंद करून चालू केला. तो नीट होता.

मग वस्ताद उठले, त्यांनी सदरा काढला आणि ते मातीत उतरले. टाळ्या पडल्या. इंद्रजित समोरून उतरला. वस्ताद मूठभर माती उचलायला वाकले आणि त्यांना सरळ होता येईना. काही दुखत नव्हतं. नुसती कंबर ऐकत नव्हती, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. ते गुडघ्यावर हात ठेवून तसेच थांबले आणि हसले. कपाळावरून घामाची धार मातीत पडली.

"आवो," उंबऱ्यावरून मालनबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तालमीत बाईचा आवाज कधी आलाच नसल्यामुळं सगळे वळले. "ते बटण काढा."

"गप ऱ्हा," वस्ताद हसतच म्हणाले.

"माझ्या भावाम्होरं माझी लाज काढलीसा, तवा गप ऱ्हायले. आज न्हाई. तुमचा रंग बघा. मी तुमास्नी थांबवत न्हाई. बटण काढा, आणि मग काय करायचं ते करा."

असं म्हणून त्यांनी उंबरा ओलांडला. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला, पण त्या त्याच्याकडं न बघता मातीच्या कठड्यापर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या.

वस्तादांना तिच्या बोलण्यानं काही वाटलं नाही. वाटण्याची वाट बंदच होती. पण त्यांचे डोळे चालू होते, आणि आयुष्यभर त्या डोळ्यांनी पोरांची अंगं पाहिली होती. त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं. एकही डाव न खेळता तो घामानं गार पडला होता. कातडी राखेच्या रंगाची झाली होती, नखं निळसर. अशा अंगाचा गडी समोर आला असता तर त्यांनी कुस्ती थांबवून त्याला उचलून बाहेर नेला असता. त्यांना फळ्यावरचा माणूस आठवला आणि त्याच्या नसेवरून फिरणारं मॅडमचं बोट.

त्यांनी कानामागचं बटण उपटलं आणि मातीत टाकलं.

दोघीही एकदमच आल्या. वेदना पोटातून आली, कुणी आतून पिळा घालावा तशी, आणि ते गुडघ्यावर बसले. आणि तिच्याबरोबरच शरम आली, इतक्या दिवसांची कोंडलेली. मालनची सोडलेली पळी आली, इंद्रजितची नक्कल करताना पोरांची मिटलेली तोंडं आली, टपरीवरच्या चहाचा फुरका आला. समोर अख्खं गाव बसलं होतं. त्यांना वाटलं, असंच उठावं, पट्ट्यासकट, पळावं आणि परड्याचं दार लावून घ्यावं. मेलो तर आत मरू.

कुठं तापलंय? कान. कुठं आवळलंय? गळा. त्यांनी श्वास सोडला. तो हुंदक्यासारखा बाहेर पडला. आली, ते मनात म्हणाले. ये. बस तिकडं कडेला.

ती बसली नाही. उभीच राहिली. पण त्यांना तोंड उघडता आलं.

"इंद्रजित," ते म्हणाले. "गाठ सोड."

इंद्रजितचा हात पुढं आला आणि थांबला. वस्तादांच्या लंगोटाला तालमीतल्या कुणी कधी हात लावला नव्हता.

"सोड लेका. आत जीव अडकलाय."

गाठ घामानं घट्ट झाली होती. इंद्रजितनं ती दातानं ढिली केली. पट्ट्याचे फेरे एकेक करून सुटले, आणि डाव्या बाजूला चेपलेली पिशवी सगळ्यांना दिसली. तिच्यातून आत दिसणारं आतड्याचं तोंड काळपट जांभळं पडलं होतं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कोंडलेला वारा सुटला. शांत तालमीत तो आवाज लांबत गेला, थांबला, परत आला. मागं एक पोर फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी चापट मारली. बाकावरच्या म्हाताऱ्यानं उपरणं नाकाला लावलं. दोघंजण उठून बाहेर गेले, ते परत आले नाहीत.

"हर्निया न्हवता," वस्ताद म्हणाले. त्यांची नजर मातीतून वर येत नव्हती, तरी ते बोलत राहिले. "खालची वाट बंद केलीया डॉक्टरनी. आता ही अशी. जन्मभर. सांगायला लाज वाटत हुती. आता बी वाटतीया."

मालनबाई फोनवर दवाखान्याची गाडी बोलावत होत्या. पत्ता सांगून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि इंद्रजितला विचारलं, की असा खांबासारखा काय उभा आहेस.

इंद्रजितच्या हातात तो तांबडा पट्टा तसाच होता. त्यानं तो कुठं ठेवावा हे कळेना म्हणून खांद्यावर टाकला.

"हात दे," वस्ताद म्हणाले.

"नगं वस्ताद. गाडी येतीया."

"ती यायच्या आत दे. कुस्ती न्हाई मागत. सलामी मागतोय."

इंद्रजितनं मालनबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "दे बाबा लवकर. न्हाईतर गाडीत बसायचे न्हाईत."

तेव्हा इंद्रजित खाली बसला. उभ्या माणसानं बसलेल्याला सलामी द्यायची नसते. त्यानं मूठभर माती घेतली, आधी आपल्या छातीला लावली, मग वस्तादांच्या गार पडलेल्या दंडाला, खांद्याला, पाठीला चोळली. चोळताना त्यानं पिशवीकडं पाहिलं. बघून झाल्यावर नजर काढून घेतली नाही, तशीच वस्तादांच्या तोंडावर आणली. वस्तादांनी हात पुढं केला. पंजाला पंजा भिडला.

त्या वर्षीची माती अशी उघडली गेली. ती रीतसर उघडली की नाही यावर करंजगावात अजून वाद चालतो.

गाडी आली ती बिनचालकाची होती. मागच्या बाकावर वस्तादांना आडवं केलं, इंद्रजित त्यांच्या पायाशी बसला, मालनबाई उशाशी. पडद्यावरच्या डॉक्टरनं पिशवी बघून सांगितलं, की रंग परत येतोय, पण आत जाऊन बघावं लागेल, आत्ताच काही सांगत नाही. वस्तादांना ते ऐकू येत होतं. पोटातला पीळ सैल होत होता आणि परत घट्ट होत होता, आणि प्रत्येक वेळी तो कळत होता. कान अजून तापलेलेच होते. शरम उतरली नव्हती. तीही गाडीत चढून बसली होती, त्या तिघांच्यात.

"काय ठरवलंस मग," वस्तादांनी इंद्रजितला विचारलं. आवाज बारीक होता. "शहरातल्या आखाड्याचं."

इंद्रजित म्हणाला की आधी त्यांना घरी आणायचं, मग बघू. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मग म्हणाला, "ती माझी नक्कल मात्र बेकार केलीसा, वस्ताद. मी काय असा लंगडतो?"

"चुकलं," वस्ताद म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून निघालेला इंद्रजितनं कधी ऐकला नव्हता, म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला.

मालनबाईंनी त्याच्या खांद्यावरचा तांबडा पट्टा काढून घेतला. तो मातीनं, घामानं आणि आणखी कशाकशानं भरला होता. त्यांनी त्याची घडी घालायला घेतली.

"ऱ्हाऊ दे," वस्ताद डोळे न उघडता म्हणाले. "मी धुतो घरी गेल्यावर."

मालनबाईंनी घडी घातली आणि मांडीवर ठेवून घेतली. वस्तादांचा हात पट्टा परत घ्यायला उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. मग तो खाली आला आणि त्या घडीवरच, मालनच्या हाताशेजारी, पडून राहिला.